किनाऱ्यावर ओढलेले गलबत

आमच्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांनी जिल्ह्याची बरीचशी हद्द आखली आहे आणि पाण्याशी आमचा संबंध बहुतेक त्यांच्यापुरताच. पुढे पूस, इसापूर, अरुणावती, बेंबळा अशी धरणे झाली, त्यांच्या जलाशयांत मासेमारीच्या लहान होड्या फिरू लागल्या, एवढेच. तेव्हा या जिल्ह्यातल्या इतिहासाच्या एका शिक्षकाने गलबतांवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. पण गलबत ज्या दोन वस्तूंवर तरते, त्या दोन्ही आमच्या ओळखीच्या आहेत. एक सागवान. पांढरकवडा, घाटंजी, मारेगाव या भागांतल्या जंगलांनी ते आम्हाला दाखवले. दुसरी कापूस. आमचा कापूस इंग्रजी अमलात गाठींमध्ये बांधला जाऊन मुंबईच्या बंदराकडे जाई. त्याच कामासाठी टाकलेली शकुंतला ही अरुंद आगगाडी यवतमाळहून मूर्तिजापूरला धावत असे. मात्र कापूस जहाजाच्या पोटातून जातो तसाच जहाजाच्या अंगातही भरलेला असतो, हे मला फार उशिरा कळले.

कळण्याचे निमित्त घरगुती आहे. माझ्या पत्नीचे आजोळ राजापूर तालुक्यातले, खाडीकाठचे. लग्नानंतर पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा पावसाळा तोंडावर होता. किनाऱ्यावर एक जुना मचवा टेकू लावून उभा केला होता आणि पत्नीचे एक वयस्क मामू, हयातभर तांडेल म्हणून वावरलेले, त्याच्याभोवती हळूहळू फेऱ्या मारीत होते. मी काहीतरी बोलायचे म्हणून रंगाबद्दल विचारले. ते म्हणाले, "जावई, रंग नंतर. आधी पठाण बघा. पठाण बरा असला तर बाकी सगळ्याला इलाज आहे."

आमच्याकडे पठाण म्हणजे आडनाव. शेजारी पठाण, वर्गात दोन-तीन पठाण. कोकणच्या किनाऱ्यावर पठाण म्हणजे नावेचा कणा, तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारे ते एकच जाड लाकूड. त्या दिवशी मला हसू आले. नंतर मात्र मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द याच अर्थाने पाहिला आणि वाटले, आपण आरमारांचा इतिहास शिकवतो, लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतो, पण ज्यावर आरमार उभे राहिले त्या लाकडाचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. या लेखाचे मूळ त्या दुपारी आहे.

मोसम आणि छावणी

मोसम हा शब्द मूळ अरबी. ठरलेला काळ, हंगाम असा त्याचा अर्थ. अरबी समुद्रावरच्या दर्यावर्दींनी तो वाऱ्यांच्या हंगामासाठी वापरला आणि युरोपीय भाषांनी तो तिथून उचलून मान्सून केला. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरची शिडाची नाव समुद्रात राहू शकत नाही. म्हणून पावसाआधी ती वर ओढायची आणि नारळी पौर्णिमेच्या सुमाराला पुन्हा पाण्यात लोटायची, हा क्रम शतकानुशतके चालला. आजही जून-जुलैत मासेमारी बंद असते. तिला आता सरकारी हुकूम आहे, पूर्वी वाऱ्याचाच हुकूम होता.

नाव वर ओढणे हे काम भरतीच्या हिशेबाने होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते, तेव्हा नाव जितकी आत आणता येईल तितकी आणायची. ओहोटीला ती जमिनीवर बसते. मग तेल-चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून माणसांनी ती ओढायची, दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, वर माडाच्या झापांचे छप्पर घालायचे. हे छप्पर पावसासाठी असते, तितकेच उन्हासाठीही. आपल्या खेड्यांतल्या बैलगाडीच्या चाकाचे उदाहरण घ्या. उन्हाळ्यात चाकाचे लाकूड आटते, सांधे खिळखिळे होतात आणि शेतकरी चाक पाण्यात टाकून ते फुगवून घेतो. नावेचेही तसेच आहे. किनाऱ्यावर फार वाळली की फळ्यांमधल्या फटी उघडतात. ओली ठेवली तर दोष दिसत नाहीत. तपासण्यापुरती वाळू द्यायची आणि तडकण्याआधी झाकायची, हा या कामाचा पहिला तोल.

राज्यकर्त्यांनाही हा तोल सांभाळावा लागला. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे 1715 च्या सुमारास, आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पाऊस सुरू होण्याच्या काही दिवस आधीच आरमाराने छावणीला यावे, छावणी किल्ल्याच्या आश्रयाने असावी, दरवर्षी एकाच बंदरावर ती करू नये, कारण खलाशी-सैनिकांच्या वावराचा गावकऱ्यांना उपद्रव होतो, असा त्याचा आशय आहे. जहाजांसाठी साग वगैरे लाकूड परवानगीने तोडावे, पण रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे तिच्या मनाविरुद्ध तोडू नयेत, असेही त्यात बजावले आहे. आरमाराच्या डागडुजीचा खर्च शेवटी कोणाच्या अंगणात पडतो, याचे भान त्या काळी होते हे यातून दिसते.

जहाजे कुठे ओढून ठेवायची, हा प्रश्न कधी कधी थेट राजकारणाचा झाला. जंजिऱ्याच्या सिद्दींचे आरमार मोगलांच्या वतीने समुद्रावर फिरत असे. 1670 च्या दशकात ते पावसाळ्यासाठी मुंबईच्या बंदरात, माझगावला येऊन राहू लागले. इंग्रजांना ते नकोसे होते, पण मोगलांशी व्यापार होता, सुरतची वखार होती, म्हणून त्यांना नाही म्हणवेना. दुसरीकडे शिवाजी महाराजांना हे खपणे शक्य नव्हते, कारण पावसाळ्यात दुरुस्त होऊन निघालेले तेच आरमार पुढे त्यांच्या किनाऱ्यावर चालून येई. 1678 च्या पावसाळ्यात महाराजांनी दौलतखान आणि दर्यासारंग या आपल्या आरमारी सरदारांना पनवेलकडे पाठवले. माझगावला विसावलेली सिद्दीची जहाजे जाळून टाकायची असा बेत होता. खाडी ओलांडणे जमले नाही आणि बेत फसला. पुढच्याच वर्षी, 1679 मध्ये, महाराजांनी मुंबईच्या तोंडावरचे खांदेरी बेट तटबंदी करून ताब्यात ठेवले. मायनाक भंडारी बेटावर, दौलतखान आरमारावर आणि समोर इंग्रजांची गलबते. ऑक्टोबरातल्या लढाईत इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. नंतर सिद्दी कासमने शेजारचे उंदेरी घेतले आणि दोन बेटांचे वैर सुरू झाले.

हा प्रसंग पाठ्यपुस्तकात आला तर लढाई म्हणून येतो. मला त्यात आधी दिसते ती किनाऱ्यावर आडवी केलेली जहाजे. पाण्यात जहाज बलवान असते. जमिनीवर ओढले की ते असहाय होते, आणि तरीही त्याला दरवर्षी जमिनीवर यावेच लागते. ज्याच्याकडे निर्धोक किनारा नाही त्याचे आरमार फार काळ टिकत नाही. आणखी एक गोष्ट सहज दिसते. या झगड्यात मुसलमान दोन्ही बाजूंना आहेत. सिद्दी मोगलांकडून, दौलतखान महाराजांकडून. धर्माच्या एका सरळ रेषेने या समुद्राचे दोन भाग करता येत नाहीत.

तळाची तपासणी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नाव वर आली, तळ उघडा पडला. कोणते काम करायचे आणि कोणते नाही, हे ठरवायचे कसे?

पहिले काम खरवडण्याचे. मोसमभर पाण्यात राहिलेल्या तळावर शेवाळ आणि शिंपल्यांच्या जातीच्या कडक खपल्या चढलेल्या असतात. त्यांनी नाव जड होते, चाल मंदावते. पण खरवडण्याचे खरे कारण वेगळे आहे. खपल्यांखाली काय लपले आहे ते पाहायचे असते. लाकडी नावेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे टेरेडो. लोक त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या कुळातला जीव आहे. अगदी लहान असताना तो लाकडात शिरतो, म्हणून बाहेर टाचणीने टोचल्याएवढेच भोक दिसते. आत मात्र तो लाकूड खात वाढत जातो आणि आपल्या बिळाला चुन्याचे अस्तर लावतो. वरून धडधाकट दिसणारी फळी आतून मधाच्या पोळ्यासारखी झालेली असते. त्याला खारे पाणी लागते, गोड्यात तो जगत नाही. म्हणून नाव काही काळ खाडीच्या वरच्या, गोड्या पाण्यात नेऊन ठेवण्याचा उपाय जुन्या दर्यावर्दींना माहीत होता. तळाखाली गवत-पाचोळा पेटवून धग देण्याची रीतही अनेक देशांत होती. त्यात घाण जळून जाई आणि जुना लेप सैल होई.

दुसरे काम कानाचे. तांडेल किंवा सुतार लाकडी हातोडीने फळी ठोकत जातो. निकोप लाकूड खणखणते, कुजलेले बद्द आवाज देते. शंका आली तिथे आर टोचायची. ती सहज आत गेली तर फळी गेली. मामूंनी त्या दिवशी मला डोळे मिटून ऐकायला लावले होते. दहा ठोक्यांत मला एकही फरक कळला नाही. त्यांना मात्र एका ठोक्यात कळत होते.

तिसरे काम सांध्यांचे. दोन फळ्यांच्या मधल्या शिवणीत तेलात भिजवलेला कापूस छिन्नीने ठोकून भरलेला असतो. नाव पाण्यात गेली की लाकूडही फुगते, कापूसही फुगतो आणि दोघे मिळून पाणी अडवतात. कोणत्या शिवणीतला कापूस काळा पडला, कुठे तो सैल होऊन बाहेर आला, हे पाहून तेवढाच बदलायचा. त्यावर राळ किंवा चुना आणि चरबी यांचा लेप. पाण्याच्या रेषेच्या वर माशाचे, विशेषतः मुशीच्या काळजाचे तेल. हे तेल लाकूड मुरवते आणि त्याचा वास अंगाला महिनाभर चिकटून राहतो.

चौथे खिळे. खिळ्याच्या डोक्याभोवती तांबूस डाग उतरला असेल तर आत गंज आहे. सागवानाचा इथे एक मोठा गुण आहे. त्याच्या अंगचे तेल लोखंडाला बरेचसे जपते, उलट युरोपातल्या ओक लाकडातले आम्ल खिळे खाते. म्हणून सागवानी जहाजाचे आयुष्य ओकच्या जहाजापेक्षा जास्त, असे खुद्द इंग्रज मानत.

आणि शेवटी पठाण. फळी बदलता येते. बाभळीच्या वाकड्या खोडाची बरगडी गेली तर नवी बसवता येते. कणा वाकला, मधे उचलला गेला किंवा पोखरला गेला, तर मात्र नाव दुरुस्त करायची की मोडीत काढायची हाच सवाल उरतो.

हे सारे पाहून झाल्यावर कामाचे तीन भाग पडतात. जे आत्ता केलेच पाहिजे, जे पुढच्या मोसमापर्यंत थांबू शकते आणि ज्याला हात लावायचा नाही. नवख्याला तिसरा भाग समजत नाही. त्याला वाटते, वर ओढलीच आहे तर सगळेच नवे करून टाकू. पण चांगली फळी विनाकारण खरवडली तर ती पातळ होते. घट्ट शिवणीत दरवर्षी नवा कापूस ठोकला तर शिवण रुंदावत जाते आणि एक दिवस तिच्यात काहीच टिकत नाही. म्हणून चांगल्या तांडेलाची परीक्षा त्याने काय केले यापेक्षा काय करायचे टाळले यावर होई.

या ठिकाणी आपल्या वाचकांना सूरह कहफमधला किस्सा आठवेल. हजरत मूसांच्या सोबतीला असलेले ते ज्ञानी पुरुष, ज्यांना परंपरा हजरत खिज्र म्हणते, गरीब दर्यावर्दींच्या नावेला भोक पाडतात. मूसा चिडतात. नंतर उलगडा होतो की, पुढे एक राजा प्रत्येक धड नाव जबरीने बळकावत होता. दोष होता म्हणून नाव वाचली. प्रत्येक दोष सारख्याच तोलाचा नसतो आणि कोणता दोष बुडवील, कोणता वाचवील हे ओळखायला ज्ञान लागते, असा बोध मी त्यातून घेतो.

ठरवताना आणखी एक गाठ असते, पैशाची. नाव मालकाची, जीव खलाशांचा. फळी आणखी एक मोसम चालेल असे मालकाला वाटणे स्वाभाविक आहे, कारण सागवानाची किंमत त्याला द्यायची असते. तांडेलाला त्याच फळीवर उभे राहून पाण्यात जायचे असते. किनाऱ्यावरचा निर्णय या दोघांच्या मधे होतो. ज्या ठिकाणी तांडेलाचा शब्द मालकाला मोडता येत नसे, तिथल्या नावा परत येत. हा माझा सिद्धान्त नव्हे, मामूंचा अनुभव आहे.

दोष लिहून ठेवावेत

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अरबी समुद्रावर अहमद इब्न माजिद नावाचा एक थोर मुअल्लिम, म्हणजे जहाज चालवणारा जाणकार, होऊन गेला. तो जुल्फारचा, आजच्या रास अल-खैमाच्या परिसरातला. वास्को द गामाला त्यानेच हिंदुस्थानची वाट दाखवली ही कथा आपण शाळेत ऐकली, पण अभ्यासक आता ती मानत नाहीत. त्याचे खरे मोठेपण त्याच्या 'किताब अल-फवाइद' या ग्रंथात आहे. तारे, वारे, किनारे यांची विद्या सांगताना तो मुअल्लिमाला एक साधी समजही देतो. जहाज जमिनीवर असतानाच ते नीट न्याहाळावे आणि त्याचे दोष लिहून ठेवावेत. ताऱ्यांचे गणित जाणणारा हा माणूस सुरुवात तळाच्या फळीपासून करतो, हे मला फार मोलाचे वाटते.

त्याच्या काळची या समुद्रावरची पुष्कळ जहाजे खिळ्यांची नव्हती, शिवलेली होती. फळ्यांना भोके पाडून काथ्याच्या दोरीने त्या एकमेकींना शिवत. चौदाव्या शतकात या बाजूला आलेल्या इब्न बतूताने त्याचे कारण नोंदवले आहे. शिवलेले जहाज खडकावर आपटले तर लवचीकपणामुळे तगते, खिळ्यांचे फुटते. पण शिवलेल्या जहाजाची दोरी कुजते, म्हणून ते वरचेवर उसवून पुन्हा शिवावे लागे. प्रत्येक बांधणीचे दुखणे निराळे आणि तपासणीही निराळी. पोर्तुगिजांच्या तोफांचा काळ आला तशी जड, खिळेबंद जहाजे वाढली. 1508 च्या डिसेंबरात आल्मेदाने दाभोळ जाळले. ज्या बंदरातून हाजी मक्केला निघत ते हे बंदर. सतराव्या शतकात बांधलेली तिथली मशीद आजही खाडीकडे तोंड करून उभी आहे.

गोदी, तांबे आणि एक बुडालेले जहाज

मोठे जहाज वाळूवर ओढता येत नाही. त्यासाठी गोदी लागते. विजयदुर्गापासून सुमारे तीन किलोमीटरवर, वाघोटण खाडीत गिर्ये येथे मराठ्यांच्या आरमाराची खडकात कोरलेली गोदी आहे. लांबी सुमारे 109 मीटर, रुंदी सुमारे 70 मीटर. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की तळ उघडा. पाणी उपसण्याचे यंत्र नाही. जे काम मचव्यासाठी वाळू करते तेच इथे खडक करतो. हेच आरमार 1756 च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात विजयदुर्गाखाली जळाले. ज्या किल्ल्याच्या आश्रयाने जहाजे राहावीत असे आज्ञापत्र सांगते, त्याच आश्रयाला दाटीने बांधलेल्या जहाजांत एकावरून दुसऱ्यावर आग पसरत गेली.

मुंबईत सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी 1736 पासून जहाजबांधणीचा जम बसवला आणि 1750 मध्ये तिथे पहिली सुकी गोदी तयार झाली. मुंबईच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी मोठ्या उधाणाला पाच मीटरच्या आसपास बदलते. हीच त्या गोदीची खरी शक्ती. वाडियांच्या जहाजांत फळ्या एकमेकींत खाचा पाडून बसवत आणि मधे राळेचा थर व कापूस दाबत. पुन्हा आपला तोच कापूस. 1817 मध्ये जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमली' ही सागवानी युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे 1990 ते 2001 या काळात दुरुस्त झाली आणि आजही तरंगते आहे.

टेरेडोवर युरोपने शोधलेला उपाय म्हणजे तांब्याचा पत्रा. 1761 मध्ये इंग्रजांनी 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तो प्रथम लावला. किडा हटला, खपल्या हटल्या, पण तांब्याच्या शेजारचे लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात झपाट्याने झिजू लागले. खिळेही तांब्याच्या मिश्रधातूचे करावे लागले. एक दोष झाकताना दुसरा जागा झाला आणि तोही पत्र्याखाली, नजरेआड.

घाईने केलेल्या तपासणीचे एक भयंकर उदाहरण 29 ऑगस्ट 1782 चे. इंग्रजांचे 'रॉयल जॉर्ज' हे शंभर तोफांचे जहाज स्पिटहेडला नांगरलेले होते. पाण्याखालच्या एका लहानशा दुरुस्तीसाठी त्याला गोदीत न नेता जागीच कलते केले. एका बाजूच्या तोफा सरकवून जहाज झुकवले. झुकलेल्या बाजूच्या खिडक्यांतून पाणी शिरले आणि जहाज पाहता पाहता बुडाले. आठशेहून अधिक माणसे गेली. त्यांत भेटीला आलेल्या बायका-मुलेही होती. लष्करी न्यायालयाने जहाजाचे लाकूड कुजले होते असे म्हणून अधिकाऱ्यांना मोकळे केले. नंतरच्या अभ्यासकांनी जास्त झुकवल्याचा दोष दाखवला. लाकूड कुजले होते हे खरे मानले, तर ते आधी कोणी पाहिले आणि कोणी गप्प बसले, हा प्रश्न उरतोच. इब्न माजिदची समज इथे आठवते. दोष जमिनीवर पाहावेत, आणि लिहून ठेवावेत.

शब्दांत उरलेली माणसे

या साऱ्या कामात कोण होते? कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, पारशी सुतार आणि कोकणी मुसलमान, त्यांतले रत्नागिरीकडचे दालदी. एकाच समाजाने हे ज्ञान घडवले असे म्हणणे खोटे होईल. पण आमचा वाटा पुसला गेला असेल तर तो दाखवणेही आमचेच काम आहे. त्याचा पुरावा दफ्तरांआधी भाषेत सापडतो. कोळीवाड्यातला नाखवा हा फारशी नाखुदा, म्हणजे नावेचा धनी. सारंग हा फारशी सरहंग. खलाशी अरबी, मोसम अरबी, गुराब अरबी. बंदर, दर्या, लंगर फारशी. तांडेल आपला देशी. हे शब्द घेऊन कोळी बांधव नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात आणि कोणाला ते परके वाटत नाहीत. मराठीत मुसलमान केव्हा आले, असे कोणी विचारले तर मी त्याला किनाऱ्यावर जायला सांगतो.

एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे मुहम्मद अली रोगे कोकणी मुसलमान होते. जमशेटजी जीजीभाईंसारख्या पारशी आणि मोतीचंद अमीचंदांसारख्या हिंदू व्यापाऱ्यांबरोबर त्यांची भागीदारी होती. जहाजे चीनपर्यंत जात. त्या व्यापारात अफूही होती, हेही लिहिले पाहिजे. आपल्या पूर्वजांचा गौरव करताना अडचणीची पाने फाडणे म्हणजे कुजक्या फळीवर रंग मारणे होय. मामू म्हणाले तसे, रंग नंतर.

पुढे आगबोटी आल्या, रस्ते झाले, मालाची वाहतूक ट्रकवर गेली. 1970 नंतर कोकणातल्या मुसलमान घरांतली तरुण मुले आखातात गेली. ज्या समुद्रावर त्यांचे आजे शिडाने जात त्यावरून ती विमानाने जाऊ लागली. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. फायबरच्या होड्यांना कापूस लागत नाही, राळ लागत नाही. त्यांचीही तपासणी असते, पण तिथे ठोक्याचा आवाज ऐकणारा कान लागत नाही. यात हळहळण्यासारखे सगळेच नाही. मुशीच्या तेलाच्या वासात आणि कर्जात गेलेले आयुष्य मुलाने टाळले तर कोणत्या बापाला वाईट वाटेल? हरवले ते एवढेच की, त्या कानाला जे कळत होते ते कोणी लिहून घेतले नाही. गोदी बांधणाऱ्याचे नाव राहिले, लढणाऱ्याचे राहिले. हातात आर घेऊन तळाखाली वाकणारा माणूस कोणत्याच बखरीत नाही.

मामू आता हयात नाहीत. त्यांचा मचवाही त्यांच्या आधी एका पावसाळ्यात मोडीत निघाला. त्या वर्षी त्यांनी स्वतःच पठाणाला आर लावून पाहिली होती. ती मुठीपर्यंत आत गेली. मालक म्हणाला, वरून फळी ठोकून एक मोसम काढू. मामू नाही म्हणाले आणि तो मोसम त्यांनी बिनकामाचा काढला. त्या वर्षी त्या नावेवर जाणारे सात खलाशी पुढे आपापल्या घरी म्हातारे झाले.

यवतमाळला परतलो की मी वर्गात अधूनमधून हा किस्सा सांगतो. मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. पण सागवान कसे खणखणते हे त्यांना माहीत असते आणि उन्हात आटलेले चाकही त्यांनी पाहिलेले असते. पठाण म्हणजे काय, असे मी विचारतो. मागच्या बाकावरचा एखादा पठाण हात वर करतो. वर्ग हसतो. मग मी फळ्यावर नावेचा तळ काढतो आणि त्या आडव्या जाड रेषेवर त्याचे नाव लिहितो.